मूत्रपिंड कोणी द्यावे?

शेतीच्या मासिकात मूत्रपिंडाच्या रोगाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. बी, खत, पाणी, बाजारभाव आणि सारा हे आपले नित्याचे विषय. देहाचे दुखणे हा डॉक्टरांचा प्रांत. परंतु ज्या दुखण्यापायी जमीन गहाण पडते आणि घरातील दोन कर्ती माणसे एकाच वेळी अंथरुणास खिळतात, तो विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच खातेदारांचाही आहे. माझे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. त्यामुळे माझी दृष्टी औषधाच्या बाटलीपेक्षा गाव नमुन्यांकडे अधिक वळते. त्याच दृष्टीने हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहे. वैद्यकातील जे मुद्दे पुढे येतील ते सर्वमान्य आहेत. त्यांवरून काढलेली अनुमाने मात्र माझी आहेत आणि वाचकांनी ती पारखून घ्यावी.

आपला मुंबई उपनगर जिल्हा पहिल्याने १९२० साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, पुढे तो बृहन्मुंबईत सामावला आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली हे त्याचे तीन तालुके. ज्या मुलुंड-भांडुपाकडे आणि अंधेरी-विलेपार्ल्याकडे एके काळी भाताची खाचरे होती, तेथे आता उंच इमारती आणि मोठी रुग्णालये उभी आहेत. त्यांपैकी काहींत मूत्रपिंडाच्या रोपणाची शस्त्रक्रिया होते. पश्चिम रेल्वेने डहाणू-पालघरकडचा आणि मध्य रेल्वेने कसारा-कर्जतकडचा शेतकरी उपचारासाठी येथेच येतो. तो एकटा येत नाही. रोपण व्हायचे असेल तर मूत्रपिंड देणारे माणूसही त्याच्यासोबत येते, आणि ते माणूस बहुधा स्त्री असते. ती त्याची आई असते, नाही तर पत्नी, नाही तर बहीण. हे असे का व्हावे आणि असेच चालू राहावे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, शेवटच्या बरगड्यांच्या आसऱ्याने, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची आणि मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. बोलण्यात आपण त्यांस किडनी म्हणतो. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातील बहुतेक सारा पुन्हा रक्तात परत घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर टाकतात. रक्तातील क्षार आणि पाणी यांचा मेळ राखणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे, नवे रक्त तयार होण्यास चालना देणे ही कामेही त्यांचीच. या इंद्रियाचा स्वतंत्र अभ्यास करणारी वैद्यकाची शाखा गेल्या साठ-सत्तर वर्षांतच नावारूपास आली, आणि आता मोठ्या रुग्णालयांतून मूत्रपिंडरोगाचे तज्ज्ञ निराळे असतात.

या इंद्रियाचा मोठा दोष असा, की ते बिघडताना दुखत नाही. दात किंवा पोट दुखले तर माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. मूत्रपिंडाची निम्म्याहून अधिक शक्ती नष्ट झाली तरी शेतकरी नांगर धरून चालतच असतो. पायांवर सूज, लघवीला फेस, रात्री वारंवार उठावे लागणे, अन्नावरची वासना उडणे, चेहरा फिकट पडणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मधुमेह आणि रक्तदाब ही या रोगाची दोन मुख्य कारणे होत. अडकलेला मूतखडा, पुनःपुन्हा होणारा मूत्रमार्गाचा दाह, कंबर धरली की दुकानातून आणून खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या आणि धातूंची भेसळ असलेली संशयित भस्मे हीही कारणे आहेत.

शेतीत राबणाऱ्यास आणखी एक धोका आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी करणारे मजूर, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील भातशेतकरी आणि आंध्र प्रदेशातील उद्दानम भागातील शेतकरी यांच्यात मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे फार मोठ्या संख्येने आढळले आहे. त्याचे एकच कारण शास्त्रज्ञांनी अद्याप निश्चित केलेले नाही. तथापि भर उन्हात पुरेसे पाणी न पिता दीर्घकाळ अंगमेहनत करणे, हे महत्त्वाच्या कारणांपैकी एक मानले जाते. आपल्या महाराष्ट्रात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून गेलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातही या रोगाची तक्रार अनेक वर्षांची आहे. यास्तव हा रोग श्रीमंतांचा किंवा शहरी माणसांचा, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये.

मूत्रपिंडे पुरती निकामी झाल्यावर दोनच मार्ग उरतात. पहिला डायलिसिसचा. यंत्राने रक्त गाळण्याची ही युक्ती विलेम कोल्फ या डच डॉक्टराने १९४३ साली, त्याचा देश शत्रूच्या ताब्यात असताना, कांपेन गावच्या रुग्णालयात प्रथम अमलात आणली. आज उपनगरांत डायलिसिसची केंद्रे जागोजागी आहेत, आणि २०१६ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही सुरू आहे. तथापि आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, यंत्राला बांधून घ्यावे लागते. ज्याची लावणी पावसावर आणि दूध काढणे घड्याळावर अवलंबून आहे, त्याची शेती या वेळापत्रकात टिकत नाही. दुसरा मार्ग रोपणाचा. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावास बसविले. ते पहिले यशस्वी रोपण होय. भाऊ पुढे आठ वर्षे जगला. देणारा रोनाल्ड एका मूत्रपिंडावर आणखी ५६ वर्षे जगून २०१० साली वारला. आपल्या देशात १९६५ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात असा पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोर येथे जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण झाले.

म्हणजे इतिहासातील पहिला यशस्वी दाता पुरुष होता आणि त्याने भावास दिले. आपल्याकडे मात्र व्यवहार निराळा झाला आहे. देशातील जिवंत दात्यांचे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत. एकूण ५६,५०९ दात्यांपैकी ३६,०३८ स्त्रिया होत्या. म्हणजे शंभरांत चौसष्ट. आता घेणाऱ्यांकडे पाहू. १९९५ ते २०२१ या काळातील ३६,६४० रोपणांपैकी ६,९४५ रोपणे स्त्रियांची झाली, बाकी सर्व पुरुषांची. या आकड्यांत यकृतही आहे, परंतु मोठा भाग मूत्रपिंडांचाच. खतावणीची एक बाजू सतत नावे पडत असेल आणि दुसरीकडे सतत जमाच होत असेल, तर कोणताही कारकून ती खतावणी पुन्हा तपासावयास घेईल. येथेही तेच केले पाहिजे.

या प्रश्नास आपल्या घरांतून जी उत्तरे दिली जातात, त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिले उत्तर असे, की ती आपखुशीने देते. हे पुष्कळ वेळा खरे असते, आणि आईच्या किंवा पत्नीच्या मायेविषयी शंका घेण्याचे मला काहीच कारण नाही. परंतु ज्या घरात तिला कधीही नाही म्हणण्याची मुभा नव्हती, त्या घरातील होकाराची किंमत किती, याचा विचार करावा. बैठक बसते, डॉक्टरांचे म्हणणे सांगितले जाते, आणि बोलणे संपण्याच्या आत सर्वांची नजर माजघराच्या दाराकडे वळते. तिला कोणी विचारीत नाही आणि ती नकारही देत नाही. सरकारने ही गोष्ट ओळखली आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला, २०११ साली तो दुरुस्त झाला, आणि त्याखाली २०१४ साली जे नियम झाले त्यांत स्पष्ट म्हटले आहे, की दाता स्त्री असेल तेव्हा अधिक सावधगिरी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्र आहे याची खात्री रुग्णाखेरीज इतर व्यक्तीकडून करून घ्यावी. नियमकर्त्यांस असे लिहावे लागले, यातच सर्व काही आले.

दुसरे उत्तर असे, की पुरुष हा घरचा कर्ता. त्याला वाचविणे म्हणजे घर वाचविणे, आणि त्याचा भाऊ किंवा मुलगा दाता झाला तर शेतीचे काम खोळंबते. कोकणपट्टीत भात पिकविणाऱ्या आपल्या वाचकांनी मनाशी हिशेब करावा. आवणातून रोपे उपटणे, चिखलात दिवसभर वाकून लावणी करणे, बेणणी, कापणी, भाऱ्यांची वाहतूक, गुरांचे शेणपाणी, भाजीच्या पाट्या आणि पहाटेची पहिली गाडी, यांत स्त्रीचा वाटा किती आहे? कर्ता या शब्दाचा अर्थ जर करणारा असा असेल, तर बहुतेक शेतकरी घरांत कर्त्या दोन आहेत. मूत्रपिंड दिल्यावर सुमारे सहा आठवडे जड ओझे उचलावयाचे नसते. पुरुष दाता असता तर हा नियम सर्व घर कडक पाळते. स्त्री दाता असली, की टाके सुकल्याबरोबर हंडा तिच्या कमरेवर चढतो.

तिसरे उत्तर वैद्यकीय आहे आणि त्यात तथ्य आहे. घरातील पुरुष पुष्कळदा रक्तदाबाने, मधुमेहाने किंवा व्यसनाने स्वतःच दाता होण्यास अपात्र ठरतात. हे मान्य करू. परंतु अपात्र ठरणे निराळे आणि तपासणीच न करणे निराळे. भावाचा रक्तगट जुळतो की नाही हे पाहण्याआधीच वहिनीची तपासणी सुरू झाली, असे अनेक घरांत घडते. कायद्याने पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि आजी-आजोबा व नातवंडे हे सर्व जवळचे नातेवाईक धरले आहेत. म्हणजे यादीत पुरुषांची नावे स्त्रियांच्या बरोबरीने आहेत. विचारणा मात्र बरोबरीने होत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहावी. याच घरातील स्त्रीची मूत्रपिंडे निकामी झाली तर काय होते? येथे निसर्गानेही तिच्या वाटेत एक अडचण ठेविली आहे. गर्भारपणात मुलाच्या द्वारे पतीच्या पेशींचा अंश तिच्या रक्तात येतो आणि तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करून ठेवू शकते. त्यामुळे पती देण्यास तयार असूनही त्याचे मूत्रपिंड तिला कधी कधी मानवत नाही. म्हणजे ज्या घराला तिने मुले दिली, त्या मुलांच्याच पायी तिला पतीचे मूत्रपिंड घेणे कठीण होते. यावर उपाय आहे. ज्यांचे परस्परांत जुळत नाही अशा दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करावयाची, हे २०११ च्या दुरुस्तीने कायदेशीर झाले आहे. परंतु उपाय शोधण्यासाठी आधी धडपड हवी, आणि ती धडपड पुरुष रुग्णासाठी जितकी होते तितकी स्त्रीसाठी होत नाही. ती डायलिसिसवर राहते. पुढे भाडेतोड्याचा खर्च डोईजड झाला म्हणून आठवड्यातील तीनाच्या दोन खेपा होतात, मग एक. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटनेने राज्यांस सूचना केली, की मृत दात्यांच्या अवयवांसाठी थांबलेल्या स्त्री रुग्णांस प्राधान्य द्यावे. ही सूचना योग्यच आहे. परंतु घरात ज्या बाईला अग्रक्रम नाही तिचे नाव मुळात प्रतीक्षायादीत घालावयास तिला रुग्णालयापर्यंत आणणार कोण?

मूत्रपिंड देण्याने स्त्रीचा नाश होतो असे मात्र कोणी समजू नये. तसे भय पसरविणे हा माझा हेतू नाही. शस्त्रक्रियेत दात्याच्या प्राणास अपाय होण्याचा संभव दर दहा हजारांत सुमारे तीन इतका अल्प आहे, आणि उरलेले एक मूत्रपिंड थोडे वाढून दोघांचे बरेचसे काम करू लागते. तथापि पुढे आयुष्यभर दरवर्षी तिची तपासणी झाली पाहिजे, आणि ज्या तरुण स्त्रीला अद्याप मुले व्हावयाची आहेत तिला पुढील गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा अधिक असतो, हे तिला आधी सांगितले पाहिजे. रुग्णाच्या औषधांची वेळ सर्व घराच्या लक्षात असते. दात्रीच्या तपासणीची तारीख कोणाच्याही लक्षात नसते. इतकीच माझी तक्रार आहे.

याच ठिकाणी सातबाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील वहिवाटदार खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण शंभरांत सुमारे चौदा आहे. एकीकडे दात्यांत चौसष्ट, दुसरीकडे खातेदारांत चौदा. घरासाठी देहाचा भाग देण्यास जी पात्र ठरते, ती घराच्या जमिनीवर नाव लागण्यास पात्र ठरत नाही, ही विसंगती आपल्यासारख्या विचारी शेतकऱ्यांस बोचली पाहिजे. हा विचार नवीन नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली, आणि १९९२ साली महाराष्ट्र सरकारने पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबारावर सहधारक म्हणून लावण्याची तरतूद केली. येथे एक इशारा अवश्य देतो. जमीन ही मूत्रपिंडाची किंमत म्हणून देऊ नये. अवयवाचा मोबदला घेणे व देणे हा कैदेस पात्र असा गुन्हा आहे, आणि नीतीनेही ते हीन आहे. माझे म्हणणे उलट आहे. घरात कोणी आजारी नसताना, कसलीही देवघेव मनात नसताना, तिचे नाव आजच लागावे. ज्या बाईचे नाव सातबारावर आहे ती बैठकीत बसते. आणि बैठकीत बसणारीच्या होकाराला होकाराची किंमत येते.

मग मूत्रपिंड कोणी द्यावे? माझे उत्तर असे, की शक्य तोवर ते जिवंत माणसाने देण्याची वेळच येऊ नये, आणि आलीच तर प्रथम मृताने द्यावे.

वेळ न येण्याचा उपाय अत्यंत स्वस्त आहे. गावाची जमाबंदी दरवर्षी होते; वसुली कोठे तुंबली हे त्या वेळी उघड होते. देहाचीही अशी जमाबंदी वर्षातून एकदा व्हावी. रक्तदाब मोजावा, लघवीतील प्रथिन तपासावे आणि रक्तातील साखर व क्रिएटिनिन पाहावे. या चार गोष्टी मिळून जो खर्च येतो तो एका फवारणीच्या औषधापेक्षा क्वचितच अधिक असेल. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा मूतखडा असलेल्याने कोणत्याही वयात, ही तपासणी करावीच. उन्हाच्या कामात बांधावर पाण्याचा हंडा भरलेला असावा, दुपारची विश्रांती सावलीत घ्यावी, आणि अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरास विचारल्याखेरीज खाऊ नयेत. तहान लागल्यावर विहीर खणणारा शेतकरी आपल्या हसण्याचा विषय होतो. या रोगात मात्र आपण सगळेच तसे वागत आहोत.

आता मृताच्या दानाविषयी. २०२३ साली देशात मूत्रपिंडांची १३,४२६ रोपणे झाली; त्यांपैकी मृत दात्यांकडून आलेली केवळ १,६३५. बाकी सर्व जिवंतांकडून काढून घ्यावी लागली. मृतांचे दान वाढेल तितका जिवंतांवरचा, म्हणजे मुख्यतः स्त्रियांवरचा, भार कमी होईल. याविषयी लोकांत गैरसमज फार आहेत. घरी अंथरुणावर निवर्तलेल्या माणसाचे मूत्रपिंड उपयोगी पडत नाही. त्याचे नेत्र मात्र काही तासांत घेता येतात. मूत्रपिंड घेता येते ते मेंदू मृत झालेल्या, परंतु यंत्राच्या साहाय्याने श्वास चालू ठेवलेल्या रुग्णाचे. रस्त्यावरील अपघातात डोक्यास मार लागलेले किंवा मेंदूत रक्तस्राव झालेले असे रुग्ण पुष्कळ असतात. मेंदू मृत झाल्याची खात्री चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून करते. मग नातेवाइकांची लेखी संमती घेण्यात येते. आपल्या भागात कोणते मूत्रपिंड कोणत्या रुग्णास जावयाचे हे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात कार्यालय असलेले विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र यादीवरून ठरविते. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही अशी केंद्रे आहेत. एका मृत दात्यापासून दोघांस मूत्रपिंड मिळते आणि दोन घरांतील दोन स्त्रिया शस्त्रक्रियेच्या मेजावर जाण्यापासून वाचतात.

काही वाचक म्हणतील, अपुऱ्या देहाला गती कशी मिळेल? ज्या धर्मकथांवर आपण वाढलो त्यांत दधीची ऋषींनी देवांच्या कार्यासाठी आपल्या अस्थी दिल्या, आणि त्यांस सद्गती मिळाली नाही असे कोणी म्हणत नाही. अवयव घेतल्यावर देह नीट शिवून, चेहरा अविकृत ठेवून, नातेवाइकांच्या स्वाधीन करतात आणि अंत्यविधी रीतीप्रमाणे होतात. दुसरे काही म्हणतील, डॉक्टर घाईने मृत ठरवितील. त्यासाठीच चार डॉक्टरांचे मंडळ, दोन तपासण्या आणि रोपण करणाऱ्या डॉक्टरांस त्या मंडळात मज्जाव, अशी योजना कायद्याने केली आहे.

वारसाच्या नोंदी करीत असता मला एक गोष्ट नित्य दिसे. जो खातेदार हयातीत आपली इच्छा स्पष्ट सांगून जातो, त्याच्या घरी भांडण होत नाही. जो काहीच न बोलता जातो, त्याच्या गाव नमुना सहा-कमधील नोंदीवर तंटे चालतात. अवयवांचेही तसेच आहे. दानपत्र भरलेले असले तरी शेवटी नातेवाइकांस विचारण्यात येते, आणि त्या रडारडीच्या घटकेस ज्यांना मृताची इच्छा ठाऊक नसते ते नाही म्हणतात. यास्तव दानपत्र भरणे पुरेसे नाही. घरातील माणसांस एकत्र बसवून आपली इच्छा तोंडाने सांगितली पाहिजे.

आपल्या संस्थेस माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, वार्षिक सभेच्या दिवशी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाच्या साहाय्याने सभासदांची आणि त्यांच्या घरातील स्त्रियांची वर सांगितलेली चार गोष्टींची तपासणी व्हावी. केवळ पुरुष सभासदांची होऊ नये. दुसरी, त्याच सभेत अवयवदानाचे अर्ज ठेवावेत आणि सभासदांनी ते पत्नीसमक्ष व मुलांसमक्ष भरावेत. तिसरी, एखाद्या सभासदाच्या घरी रोपणाचा प्रसंग आल्यास संस्थेच्या जाणत्या मंडळींनी त्या घरी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: घरातील सर्व पात्र प्रौढांची तपासणी झाली काय, देणारी स्त्री डॉक्टरांशी एकटीने बोलली काय, आणि शस्त्रक्रियेनंतर तिच्या वाट्याचे काम कोण करणार हे ठरले काय. खर्चाविषयी सांगावयाचे तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपणासाठी मिळणारी मदत २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आहे. त्या योजनेचे कागद भरून देण्यास लिहिता-वाचता येणाऱ्या सभासदांनी पुढे यावे. अशा कामी माझ्यासारख्या सेवानिवृत्त कारकुनांचा उपयोग करून घेण्यास कोणी संकोच करू नये.

असो. जमिनीचा कस आपण दर तीन वर्षांनी मातीपरीक्षेने पाहतो. ज्या शेताने सतत पीक दिले त्याला खत घालतो, कधी पडीकही ठेवतो. नुसते घेत राहिले तर शेत नापीक होते हे शेतकऱ्याला शिकविण्याची गरज नाही. हाच न्याय घरातील माणसांस लावावा, एवढेच या लेखाचे मागणे आहे. सुज्ञ वाचक यावर आपले अनुकूल वा प्रतिकूल मत याच मासिकातून कळवतील अशी आशा आहे. त्यातही ज्यांनी मूत्रपिंड दिले त्या भगिनींनी स्वतः लिहावे, अशी माझी विशेष विनंती आहे. कारण या प्रश्नावर आजवर त्यांच्याखेरीज बाकी सर्व बोलले आहेत.